स्लॅशमामांचा आगाऊ होकार

मामांना कुणी काही विचारलेलं मुळीच खपत नसे. उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यावर चहाचा गाडा होता. गाडेवाला रोज सवयीनं विचारायचा, "मामा, चहा देऊ का?" आणि मामा रोज तितक्याच ताकदीनं भडकायचे. "बारा वर्सं झाली, ह्याच टायमाला येतोय, ह्याच दगडावर बसतोय. चहा प्यायलाच आलोय की! इचारतोस कशाला? द्यायचा तर दे, न्हायतर न्हाय म्हन!" गाडेवाल्यालाही ते ऐकल्याशिवाय करमत नसावं, कारण त्यानं विचारायचं कधी सोडलं नाही.

कारखान्यात त्यांना सगळे स्लॅशमामा म्हणत. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं, पण ते तिथंच राहिलं. मूळचे चंदगडकडचे. दहावी करून कोल्हापुरात आले, लेथवर हेल्पर म्हणून लागले, आणि पुढे संगणकावर चालणाऱ्या मशीन आल्या तेव्हा त्यांचे प्रोग्रॅम सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं. प्रोग्रॅम म्हणजे हत्यारानं कुठून कुठे जायचं, किती खोल कापायचं, याची ओळीनं लिहिलेली आज्ञा. आमच्याकडे अशा आठ मशीन होत्या, आणि आठांचे मिळून चारशेच्या वर प्रोग्रॅम केबिनमधल्या एका जुन्या संगणकात होते. रोज सकाळी त्या त्या दिवसाचे प्रोग्रॅम त्या त्या मशीनला पोचवणं हे मामांचं काम.

मी पुण्याची नोकरी सोडून, लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि या वर्कशॉपमध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मामांचा संगणक बघून हसू दाबलं होतं. माऊस टेबलाच्या कडेला वायर गुंडाळून ठेवलेला, आणि पडद्यावर ती जुनी काळी खिडकी, जिच्यात सगळं टाइप करून सांगावं लागतं. मामांच्या उजव्या हाताची तर्जनी एका पेरापर्यंतच होती. बाकीची पूर्वी पत्रा कापायच्या प्रेसखाली गेली. त्या बोटानं माऊसवर दोनदा टिचकी मारणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी टिचकीवाचून चालणारा रस्ताच शोधून काढला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते अशा वेगानं आज्ञा टाइप करत, की मी माऊस हातात घेईपर्यंत त्यांच्या फाइली जागेवर जाऊन बसलेल्या असत.

त्या आज्ञेच्या शेवटी ते न चुकता एक तिरकी रेघ आणि एक अक्षर लावत. स्लॅश वाय. एका जागेवरून ढीगभर फाइली दुसरीकडे नेताना, तिथे त्याच नावाची फाइल आधीच असली, की संगणक थांबतो आणि विचारतो : या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का? प्रत्येक फाइलीला विचारतो. शेवटी स्लॅश वाय लावलं की तो विचारत नाही. सगळ्याला होकार आधीच दिलेला असतो. मामांना कुणी विचारलेलं खपत नसे हे मी सांगितलंच आहे. मग संगणकाला तरी ते सूट कशी देणार? "मशिनीनं मला इचारायचं न्हाय. म्या तिला सांगायचं," असं ते म्हणत, आणि एंटर जरा जोरातच दाबत.

त्यांचं हे न विचारणं सगळीकडे होतं. दसऱ्यानंतर मालक सगळ्या कामगारांना जेवण घालत. रश्शाची बादली कायम मामांकडे. मामा पंगतीतून फिरताना एकालाही "वाढू का" म्हणत नसत आणि तरी कुणाच्या ताटात जास्तीचं पडत नसे. मी पहिल्या वर्षी बाई म्हणून वेगळ्या खुर्चीत बसले होते. पोट भरलेलं नव्हतं, पण नवी म्हणून लाजत होते. मामा आले आणि काही न बोलता वाटी भरून पुढे गेले. मी म्हटलं, "मामा, मी नको म्हणणार होते." ते वळून म्हणाले, "ताटाकडं बगायचं असतंय म्याडम, तोंडाकडं न्हाय. तोंड लाजतंय. ताट खरं सांगतंय."

धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वेळीही असंच. मुलाकडच्यांचा फोन आला, "विचार करून कळवा," म्हणाले. मामांनी तिथल्या तिथे होकार देऊन फोन ठेवला. मी चाट पडले. एवढा मोठा निर्णय आणि इतक्या झटक्यात? मग कळलं, की मामा त्याआधी तीनदा एसटीनं त्या गावाला जाऊन आले होते. एकदा मुलाचं काम बघून आले, एकदा शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून आले, आणि तिसऱ्यांदा मुलीलाच घेऊन गेले होते. तिनं दोन प्रश्न विचारले, तिला उत्तरं पटली, आणि येताना एसटीतच तिनं बापाला सांगून टाकलं होतं. फोन आला तेव्हा विचार करायचं काही उरलंच नव्हतं.

संगणकापुढेही ते तसंच करत, हे मला दिसत होतं. आज्ञा द्यायच्या आधी जिथून न्यायचं तिथल्या फाइली मोजायच्या, जिथे न्यायचं तिथल्या मोजायच्या, कुठली नावं दोन्हीकडे आहेत ती बघायची. मशीनवर एखाद्या प्रोग्रॅममध्ये केसाएवढा बदल केला तरी तो त्या पार्टच्या जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायचा. मग एंटर. आणि एंटरनंतर पुन्हा मोजायचं. काम झाल्यावर संगणक स्वतःच सांगतो, अमुक इतक्या फाइली कॉपी झाल्या. मामा त्या आकड्याकडे ढुंकूनही बघत नसत. मी एकदा म्हटलं, "मामा, तो सांगतोय की." तर म्हणाले, "तो म्या एवढ्या वाढल्या म्हनतोय. ताटात किती पडल्या ते त्याला काय ठावं?" मला हे सगळं म्हाताऱ्या माणसाचं सावकाशपण वाटायचं. स्लॅश वाय मात्र मी लगेच उचललं. ते सोपं होतं आणि रुबाबाचं होतं.

आणि खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमधल्या मशीन धुऊनपुसून लखलखीत होतात, पाने, गेज, मायक्रोमीटर पाटावर मांडून त्यांची पूजा होते. मामा त्या दिवशी सकाळी चारशेच्या चारशे प्रोग्रॅम एका पेन-ड्राइव्हवर उतरवत आणि तो पेन-ड्राइव्ह पान्यांच्या रांगेत ठेवत. त्यावर हळद, कुंकू, झेंडूचं फूल. त्यांच्याकडे असे दोन पेन-ड्राइव्ह होते. एका वर्षी एक, पुढच्या वर्षी दुसरा. पूजा झाली की तो एका पत्र्याच्या डबीत घालून गणपतीच्या फोटोमागे जाई. मी हसून म्हटलं, "मामा, याला कुंकू आत गेलं तर चालायचा नाही." मामा म्हणाले, "टोपन लावलंय. आनि हत्यारं पुजायची तर ही बी हत्यारंच की. पान्यानं नट फिरतोय, ह्यानं आख्खी मशीन फिरती." मी पुण्यातल्या मैत्रिणींना त्या पेन-ड्राइव्हचा फोटो पाठवून खूप हसवलं होतं. आता त्याची लाज वाटते.

त्यानंतरच्या आषाढात मामा आठ दिवसांची रजा घेऊन गावी गेले. भाताची रोपलावण होती. ही त्यांची शेवटचीच रजा. श्रावण लागला की नोकरी सोडून कायमचं गावी जायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्या जागी प्रोग्रॅम सांभाळणार होते मी. ते रजेवर असतानाच नवा संगणक आला. मालक म्हणाले, "सगळं ह्याच्यावर घ्या, आणि जुना पुसून स्टोअरला द्या, तिथं नडलंय." मामा येईपर्यंत थांबूया असं माझ्या मनात आलंही नाही. उलट ते येतील तेव्हा सगळं चकाचक करून दाखवायचं, असं मनात होतं.

जुन्या संगणकात आठ मशीनचे आठ फोल्डर होते. मला ते गचाळ वाटलं. पुण्याच्या कंपनीत सगळे प्रोग्रॅम एकाच फोल्डरमध्ये असत आणि प्रत्येकाला त्या पार्टचं नाव असे. मी नव्या संगणकावर एकच फोल्डर केला आणि त्यात पहिल्या मशीनचे प्रोग्रॅम नेले. बिनबोभाट गेले. दुसऱ्या मशीनचे न्यायला लागले तर काळी खिडकी थांबली आणि विचारू लागली : या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का? पाच-सहा वेळा होकार दिला आणि वैतागले. मामांसारखं शेवटी स्लॅश वाय लावलं आणि उरलेले सगळे फोल्डर एकामागून एक नेले. आठ वेळा आकडे आले, मी ते वहीत लिहिले, बेरीज केली. चारशे बारा. जुन्या संगणकातही चारशे बाराच. मी खूश होऊन जुना पुसला, त्यावर नव्यानं विंडोज घातलं आणि दुपारी स्टोअरला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच नंबरच्या मशीनवरच्या सदाशिवनं हाक मारली. तो कामात पक्का, कुठलाही प्रोग्रॅम आधी हत्यार हवेत ठेवून चालवून बघणारा, म्हणून वाचलो. "म्याडम, ह्यो पंपाच्या बॉडीचा प्रोग्रॅम न्हाय. हे कायतरी झाकनाचं हाय." नाव तर बरोबर होतं. ओ-०००१. आणि तेव्हा मला उमगलं. आमच्याकडे पार्टचं नाव देण्याची पद्धतच नव्हती. प्रत्येक मशीनवाला आपल्या मशीनवर ओ-०००१ पासून सुरुवात करायचा. आठ मशीनचे आठ ओ-०००१ होते, आठ ओ-०००२ होते, आणि मी त्यांना एकाच फोल्डरमध्ये एकमेकांच्या डोक्यावर बसवलं होतं. फाइली चारशे बारा वाढल्या गेल्या होत्या खऱ्या. ताटात मोजल्या तर एकशे सत्तेचाळीस.

दोनशे पासष्ट प्रोग्रॅम गेले होते. त्यातले कितीतरी मामांनी वर्षानुवर्षं मशीनशेजारी उभं राहून, एकेक ओळ फिरवून नीट केलेले. शनिवारी पंपाच्या बॉडीची मोठी ऑर्डर चालू व्हायची होती, फाउंड्रीतून कास्टिंग येऊन अंगणात पडलं होतं, आणि महिनाभरानं मामा जायचे होते. म्हणजे त्या माणसानं आयुष्यभर जमवलेलं, तो दारातून बाहेर पडायच्या आधीच मी पुसलं होतं. स्टोअरमधला संगणक घेऊन मी लक्ष्मीपुरीत एका दुरुस्तीवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "आठ दिवस ठेवा. काय मिळेल, काय नाही मिळणार." मामांना फोन लावला, पण त्यांच्या गावात रेंज नव्हती. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "नोकरी जाऊ दे, पण त्यांना तोंड कसं दाखवू?" आणि खूप रडले.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं मामा आले, ते सरळ वर्कशॉपवरच. चपलांना गावचा चिखल तसाच होता. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता गाडेवाल्यावर ओरडतात तसं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शेवटी कंच्या मशिनीचा फोल्डर घेतलास?" त्यांनी विचारलं.

"आठ नंबरचा."

"म्हंजे आठ नंबरचं सगळं शाबूत हाय. त्याच्यावर कोन बसलंच न्हाय. दसऱ्यानंतरचे नवे पोग्राम कुनी लिवले?"

"बहुतेक मीच. ते माझ्या लॅपटॉपवर आहेत."

"मग रडतीस कशाला?" असं म्हणून ते उठले, गणपतीच्या फोटोमागून पत्र्याची डबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. पेन-ड्राइव्हच्या खाचेत कुंकू अजून लाल होतं. त्यांनी मला म्याडम न म्हणता तू म्हटलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दसऱ्यापर्यंतचं सगळं त्यात होतं. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत जुन्या प्रोग्रॅममध्ये झालेले बारीक बदल तेवढे नव्हते, आणि ते सगळे ड्रॉइंगांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेले होते. तेवढ्यात मालक आले. त्यांच्या कानावर गेलंच होतं. "कुणी केलं हे?" त्यांचा आवाज चढला होता. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "म्या शिकवलं तसंच केलंय तिनं. अर्धं शिकवलं ही माझी चूक. शनवारी मशिनी चालू व्हतील, तुमी जावा." आणि मालक खरंच गेले. त्या माणसाच्या शब्दाला तिथं तेवढं वजन होतं.

गुरुवार आणि शुक्रवार आम्ही दोघं त्या केबिनमध्ये बसून होतो. मामा ड्रॉइंग उलटं धरून वाचायचे, मी टाइप करायची. वाचताना ते मध्येच थांबत आणि म्हणत, "ह्यो बदल इचलकरंजीच्या लूमवाल्याच्या पार्टसाठी केलता. तीन दिस लागलं ह्या एका ओळीला." एकदाच ते मला खरं बोलले. चहा पिताना, शांतपणे. "पोरी, तू माझं शेवटचं अक्षर तेवढं शिकलीस. त्याच्या आदीचं सगळं सोडलंस. होकार आगाऊ द्यायचा आसंल तर बगनं बी आगाऊच झालं पायजे की." मला ते वाक्य थपडेसारखं लागलं, आणि थपडेसारखंच उपयोगी पडलं.

शुक्रवारी दुपारी नव्या संगणकावर आठ फोल्डर तयार झाले, त्यांत दसऱ्याच्या प्रती बसल्या. आता दुरुस्त केलेल्या प्रती त्यांच्यावर चढवायच्या होत्या. मामा म्हणाले, "कर." मी आज्ञा लिहिली, पण शेवटचं स्लॅश वाय लिहायला हात होईना. तसंच एंटर दाबलं. काळी खिडकी विचारू लागली, मी प्रत्येक नाव तीनतीनदा वाचून होकार देऊ लागले. नवव्या प्रश्नाला मामांचा संयम सुटला. "हे काय चाललंय?"

"भीती वाटते मामा. विचारू दे त्याला."

"आसं इचारून इचारून दोनशे येळा भिशील, आनि इसाव्या येळंला न बगताच होकार देशील. थांबीव ते. दोन्हीकडच्या मोज. नावं बग. एकदाच काय ते नीट भिऊन घे. मग भ्यायचं न्हाय."

मी थांबवलं. दोन्हीकडच्या मोजल्या, नावं बघितली, तारखा बघितल्या. चांगला पाऊण तास भ्याले. मग स्लॅश वाय लावून एंटर दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं. संगणकानं सांगितलेला आकडा मी वाचलाच नाही. सरळ आठही फोल्डर मोजले. शनिवारी सकाळी सदाशिवनं पंपाची पहिली बॉडी काढली, गेज लावलं आणि केबिनच्या काचेतून अंगठा दाखवला. मामांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली आणि चहाला गेले.

श्रावणात ते गावी गेले. निरोपाला मालकांनी विचारलं, "मामा, दोन शब्द बोलता का?" आणि सगळे आधीच हसायला लागले, कारण आता काय येणार ते माहीत होतं. "इचारता कशाला? बोलायचं आसतं तर बोललो नसतो व्हय?" एवढं बोलून ते खाली बसले. जाताना डबी माझ्या टेबलावर ठेवली. "हितनं फुडं तू पूज," म्हणाले.

मी पुजते. दर खंडेनवमीला दोन पेन-ड्राइव्हपैकी जुना काढायचा, संगणकातल्या आणि त्याच्यावरच्या फाइली मोजायच्या, नावं बघायची. शेवटी आज्ञा लिहून, एंटर न दाबता, मी दोन्ही आकड्यांचा फोटो मामांना पाठवायची. ते रेंज मिळवायला गावाबाहेरच्या टेकाडावर येऊन बसलेले असत. फोन करून आधी भडकत, "इचारतीस कशाला? तुला येतंय की सगळं!" आणि फोन ठेवला की पाच मिनिटांनी संदेश येई. एकच इंग्रजी अक्षर, वाय. मग मी एंटर दाबायची. गाडेवाला रोज का विचारायचा ते मला तेव्हा कळलं.

मामा गेल्या ज्येष्ठात वारले. मुलीनं कळवलं. शेतातून येऊन ओसरीवर बसले आणि तसेच गेले. मी चंदगडला जाऊन आले, तेव्हा त्यांच्या फळीवर जुन्या ड्रॉइंगांचा एक गठ्ठा होता, पाठीवर पेन्सिलीची अक्षरं.

यंदाची खंडेनवमी आली. पाने मांडले, मशीनना हार घातले, डबी उघडली. दोन्हीकडच्या फाइली मोजल्या, नावं बघितली, आज्ञा लिहिली. आणि सवयीनं पडद्याचा फोटोही काढला. मामांचं नाव उघडलं. खाली गेल्या वर्षीचं ते एकटं अक्षर होतं. मी फोन बाजूला ठेवला. मला त्यांची फार आठवण आली, आणि ते आत्ता काय म्हणाले असते तेही स्पष्ट ऐकू आलं. पुन्हा एकदा दोन्हीकडच्या मोजल्या. एकदाच काय ते नीट भिऊन घेतलं, शेवटी स्लॅश वाय लिहिलं आणि एंटर जरा जोरातच दाबलं. मग पेन-ड्राइव्हवरच्या मोजल्या. ताटात सगळ्या होत्या.